डाव्या हाताचं बोट

अंकल आमच्याकडे आले की चप्पल बाहेर काढायला विसरत, पण चष्मा काढायला विसरत नसत. चष्मा खिशात टाकून ते थेट भिंतीवरच्या त्यांच्याच चित्रापाशी जात, अंगठा जिभेला लावून चित्राचा कोपरा चोळत आणि मान हलवत.

"नॉट येट."

म्हणजे अजून व्हायचंय. घर आमचं, भिंत आमची, चित्र त्यांनीच हौसेनं दिलेलं, तरी अजून व्हायचंय. दिलेली वस्तू दिल्यावरही स्वतःचीच समजणारा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमचा तर सिंगापूरच्या बेडोक भागात, आमच्याच मजल्यावर, तीन दारं सोडून राहत होता.

ते जन्मानं रशियन. तिथल्या कुठल्याशा कारखान्याच्या गावात वाढले. चित्रकलेच्या शाळेत हसऱ्या, धडधाकट कामगारांची चित्रं काढायला सांगत. यांचे कामगार जांभळे आणि रडवेले निघत, म्हणून दोनदा नापास झाले. पुढे इथल्या एका नर्सशी लग्न करून सिंगापूरला आले. ती गेली, हे राहिले. "आय एम एक्स्प्रेशनिस्ट," असं ते लिफ्टमध्येही सांगत. म्हणजे काय, हे मी एकदाच विचारलं. "कॅमेरा लुक. आय हर्ट." कॅमेरा बघतो, मला दुखतं. त्यानंतर मी काही विचारायच्या फंदात पडलो नाही.

दुखणं यांचं, ताप शेजाऱ्यांना. इमारतीखालच्या दातांच्या दवाखान्यात त्यांनी दिलेला निळा समुद्र होता. दाढ दाखवायला गेले आणि नंबर येईपर्यंत त्यांनी तो लाल केला. पुढचे पेशंट तो बघून घाबरायला लागले, असं तिथली मुलगी सांगायची. कॉफीवाल्या आंटीनं त्यांचं चित्र मुद्दाम छताजवळ टांगलं, तर हे घरून स्टूल घेऊन गेले. "अंकल, डोन्ट टच लाह. ऑलरेडी नाइस," ती इथल्या लाह-लावल्या इंग्रजीत ओरडत होती. हे वरून म्हणाले, "नाइस इज प्रॉब्लेम."

आमच्याकडचं चित्र माझ्या आईचं. ती मिरजेहून तीन महिने राहायला आली होती. दुपारी कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून मेथी निवडत बसायची, आणि अंकल समोर बसून तिला काढायचे. आठ दुपारी हे चाललं. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्यांना मराठी. तरी दोघं अखंड बोलत. एकदा आईनं वरून जाणाऱ्या विमानाकडे हात केला, मग माझ्याकडे, मग स्वतःचं बोट त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते बोट कितीतरी वेळ बघितलं. विमानाच्या आवाजाची तक्रार करत असेल, असं मला वाटलं. मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलो होतो.

चित्रात आईचा चेहरा हिरवा झाला. "अरे, मी काय कैरी आहे का? विचार त्याला," आई म्हणाली. तिला फार आवडलंय, असं मी अंकलना सांगितलं. आणि ते खोटं नव्हतं, कारण निघताना ती त्या चित्रासमोर उभी राहून पदर सारखा करत होती.

वर्षाच्या आत आई गेली. मी पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आलो, तेव्हा भिंतीवर ती हिरवी आई तेवढी उरली होती. मी अंकलना बजावलं, "आता याला हात लावायचा नाही. आहे तसं राहू द्या."

"लेफ्ट हॅन्ड नॉट येट," ते म्हणाले.

"नो, अंकल."

मग दर रविवारी येऊन ते चित्रासमोर बसायला लागले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. चहा आला की एक हात काढायचा, घोट घ्यायचा, हात परत मांडीखाली. माझी बायको हसायची. माझ्या डोक्यात जायचं.

एका रविवारी मी चहा टाकायला आत गेलो. बाहेर आलो, तर अंकलच्या हातात ब्रश होता आणि आईच्या डाव्या हाताच्या तर्जनीवर एक लालभडक रेघ होती.

मी काय काय बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आई माझी होती, तुमची नव्हती, हेही बोललो. त्यांना दाराबाहेर काढलं आणि स्वयंपाकघरातलं फडकं आणून रेघ पुसायला लागलो. दारात उभं राहून ते एक शब्द बोलले, "फिनिश." मी दार लावून घेतलं.

पुढे लिफ्टमध्ये भेटले तर ते मजल्यांचे आकडे बघायचे, मी फोन बघायचो. महिन्याभरानं त्यांच्या दारासमोर लाकडी खोकी दिसली. अंकल हॉस्पिटलमध्येच वारले होते; त्यांच्या बायकोची भाची चित्रं न्यायला आली होती. एकाही चित्रावर सही नाही, असं ती वैतागून सांगत होती.

त्या आठवड्यात पुण्याच्या ताईचा व्हिडिओ कॉल आला. मी तिला सगळं सांगितलं, अजून थोडा चिडूनच. तिनं मला मध्येच अडवलं.

"कुठल्या बोटावर रेघ होती?"

"डाव्या. तर्जनीवर."

"अरे, तू पहिल्यांदा सिंगापूरला निघालास, तेव्हा तुझ्या लोणच्याच्या कैऱ्या चिरताना विळी लागली होती ना तिला. तीन टाके पडले. विसरलास?"

मी विसरलो होतो. अंकलना आईनं हातवारे करून सांगितलं आणि ते विसरले नाहीत. याची मला लाज वाटते, अजूनही वाटते.

मी कुठलंही काम धड करत नाही, असं आई म्हणायची. रेघही धड पुसली नव्हती. तर्जनीवर फिकट लाल राहिलंय. परवा बायको ओलं फडकं घेऊन चित्रापाशी गेली. "हा एवढा डाग काढून टाकते," म्हणाली.

मी तिच्या हातातून फडकं घेतलं.

"राहू दे," म्हटलं. "ते पूर्ण झालंय."