बुधवारी डोळे मिटून ऐकलेलं

प्रार्थनेत डोळे मिटता येतात, पण कान कोण मिटणार? सिंदीला आमच्या चर्चच्या सात-आठ जणी दर बुधवारी दुपारी एकीच्या घरी जमतो. प्रत्येकीनं मोठ्यानं प्रार्थना करायची, अशी रीत. म्हणजे जे शेजारणीला सांगवत नाही ते देवाला सांगायचं, आणि शेजारणीनं ऐकायचं. इतक्या वर्षांत एवढं साठलंय की पोळ्या लाटता लाटता मी एकटीच हसते.

*

एकदा सरोजच्या घरी सभा होती. बाहेरच्या खोलीत तिची प्रार्थना चालू आणि आत कुकर. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली. सरोज डोळे न उघडता म्हणाली, "प्रभू, दोन मिनिटं थांबजो, मी गॅस बंद करून येतो."

आम्ही सगळ्या तशाच माना खाली घालून बसलो. ती आली, पदराला हात पुसले आणि सुटलेल्या वाक्यापासून पुढं सुरू. थांबला असेल तो. आमच्यासाठी नेहमीच थांबतो.

*

शेवंतामावशी आमच्यात सगळ्यात मोठ्या. दवाखान्यात आया होत्या, आता रिटायर. एका बुधवारी त्या म्हणाल्या, "प्रभू, सुनेवर प्रेम करायची ताकद दे. मह्याच्यानं होऊन नाई राह्यलं."

सून शेजारीच बसलेली! तिची पाळी आली. ती शांतपणे म्हणाली, "प्रभू, आईची प्रार्थना ऐक. अन् मलेही तेच दे."

दोघी एकाच स्कूटीवर घरी गेल्या. जाताना सासू मागं बसून हसत होती.

*

मागच्या वर्षी आमच्या ह्यांना लकवा झाला. हे कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर. चर्चमध्ये गाणं उचलणारा आवाज ह्यांचाच. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. सेवाग्रामला दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, चालतील हळूहळू, बोलण्याचं आत्ता सांगता येत नाही.

बुधवारच्या सगळ्या जणी भेटायला आल्या. मी कॉटपाशी उभी राहून छान प्रार्थना केली, "हे कृपाळू पित्या, या दुखण्याबद्दलही तुझे उपकार मानते..."

शेवंतामावशींनी माझं कोपर दाबलं. "शालिनी, खोटं कायले बोलून राह्यली वं? त्याले दिसते न."

मग मी खरं बोलले. "प्रभू, मले तुहा राग आला आहे. मी एवढे उपास केले, अन् तू ह्यांचा आवाजच नेला. मले तो वापस पाहिजे." पुढं नुसतं रडूच आलं.

डोळे उघडले तर बाजूच्या कॉटवरच्या पोराची आई, केळझरची, हात जोडून उभी. म्हणाली, "ताई, मह्या पोरासाठीही असंच भांडा न."

*

घरी आणल्यावर मी नवस बोलले, हे बोलेपर्यंत चहा बंद. आमच्यात नवस फारसे कुणी करत नाही, पण मी नवस बोलणारीच बाई. चौथ्या दिवशी डोकं असं धरलं की ह्यांच्या गोळ्याच द्यायच्या राहिल्या.

शेवंतामावशी चिडल्या. "देवानं तुले चहा मांगतला होता काय? त्याले सरळ सांग, मले चहाबिगर जमत नाई. अन् भाऊले गोळ्या दे."

देवाला तसंच सांगितलं आणि आधण ठेवलं.

*

पाच महिने झाले. हे काठी धरून मोरीपर्यंत जाऊ लागले, तोंडातून मात्र नुसतं 'अं' नाहीतर 'हं'. त्या बुधवारी सभा आमच्या घरी होती. हे पलंगावर उशीला टेकून बसलेले.

शेवटची प्रार्थना कमलबाईंची. त्या शाळेत शिकवायच्या, आणि त्यांची प्रार्थना जगापासून सुरू होते. आधी सगळे देश, मग दिल्ली, मग मुंबई, मग नागपूर. वर्ध्याला येईस्तोवर माझे पाय बधिर झाले. त्या आमच्या तालुक्याला, सेलूला पोचल्या, जरा श्वास घेतला, आणि पलंगावरून जाड, ओबडधोबड पण स्पष्ट आवाज आला.

"आमेन."

कमलबाईंनी हळूच डोळे उघडले आणि ह्यांच्याकडं पाहिलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमच्यापर्यंत तं मी अजून आलीच नव्हती."