नम्रता विसरत नाही

आमच्या घराण्यात राग नाकावर असतो नि उतरतोही लगेच. माझी पुतणी नम्रता तशी नाही. तिने एक राग अकरा वर्षं सांभाळला, आणि तिची काकी असून सांगते, तो राग मला आवडायचा.

ती सोळाची होती. जिल्ह्याच्या व्हॉलीबॉल संघाची निवड होती, निवडणारे कसालचे गंगाराम सर. पोरगी तोंडवलीच्या किनाऱ्यावर खेळून वाढलेली, लाकडी कोर्ट तिने पहिल्यांदाच पाहिलं. वाळूत उडी मारायला दुप्पट जोर लागतो. इथे तेवढ्या जोराने ती चेंडूच्या आधीच वर पोचायची आणि हात हवेत फिरायचा. तीनदा असं झालं. सर तीस पोरींसमोर हसले. "ही कोर्टावरची नाही. जा गं, बापासोबत रापण ओढ." आणि संघात घेतली आपली भाची, जिची सर्व्हिस नेटपलीकडे जात नव्हती.

तिचे वडील, माझे थोरले दीर, रापणीवर जातात. किनाऱ्यावरून जाळं ओढून त्यांनी पोरं शिकवली. त्यांच्या कामाला हसले, हे नम्रताला जास्त झोंबलं. ती रडली नाही. घरी येऊन म्हणाली, "काकी, ज्या तोंडान तो हसलो, त्याच तोंडान तेका कबूल करूक लावतलंय. लोकांसमोर."

मग ती ओहोटीला ओल्या, घट्ट वाळूवर उड्या मारत सुटली. पुण्याचं होस्टेल, चेन्नईच्या क्लबचा करार, दोन मोसम मालदीवला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी खेळ सोडायला सांगितलं. मीही फोनवर म्हटलं, "बस झाला गो आता."

"गंगाराम सर जिते आसत मा?" तिने विचारलं. मला हसू आलं, पण ती थट्टा करत नव्हती.

गेल्या वर्षी तिच्या संघाने लीग जिंकली आणि पेपरात मुलाखत आली ती सरांची. "तोंडवलीच्या वाळूतला हा हिरा मीच हेरला." चोराच्या उलट्या बोंबा. वर गावाने तिचा सत्कार ठेवला तर प्रमुख पाहुणे हेच. मी पदर खोचून सरपंचाशी भांडायला निघाले. नम्रताने मला अडवलं. "येवंदे तेका," म्हणाली, आणि गावचे मानकरी गणपत गावकर यांच्या घरी जाऊन तासभर बसून आली.

आमच्याकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय कार्य सुरू होत नाही. गावकर नारळ घेऊन देवाला काय ते सांगतात आणि दर वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्यात गप्प राहणं म्हणजे देवासमोर वाकडं जाणं. सर कसालचे, त्यांना हे शिकवायची गरज नव्हती. सत्काराच्या दिवशी हात जोडून ते पुढे उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, ह्या आमचा चेडू जिंकान इला."

"व्हय म्हाराजा." सरांचा आवाज सगळ्यांत खणखणीत.

"सोळा वर्साचा असताना तेका तीस पोरींसमोर सांगितल्यानी, जा, रापण ओढ."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं. सरांचे ओठ नुसते हलले.

"सांगणारो हंयच उबो आसा. तेणी ह्येका हेरूक नाय, हाकलल्यानी, म्हाराजा."

गाव पुन्हा गरजलं. मी तर घसा फुटेस्तोवर ओरडले. सर मात्र गप्प. गणपत गावकर नारळ धरून थांबले. "गाऱ्हाणा पुरा होवक नाय," ते म्हणाले. "एक व्हय रवला."

तीनशे माणसं सरांकडे बघत होती. माझे दीर मान खाली घालून उभे होते, त्यांनी हळूच वर पाहिलं.

"व्हय म्हाराजा," सर पुटपुटले.

"आयकाक येवक नाय," नम्रता म्हणाली.

मग सरांनी मोठ्याने म्हटलं.