विनंतीला मान देऊन

आमच्या व्याह्यांइतका निश्चयी माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडणार नाही, कारण एकाच गोष्टीचा इतक्या वेळा निश्चय दुसऱ्या कोणी केलेला नाही. ते निर्णय बदलतात असे म्हटलेले मात्र त्यांना खपत नाही. ‘बदलला’ हा शब्द त्यांना कपड्यांपुरता मान्य आहे. निर्णयासाठी त्यांच्यापाशी इंग्रजी क्रियापदांचा मोठा साठा असून प्रत्येकाचा मान ते वेगळा राखतात. ‘रिव्होक म्हणजे वरच्यानं खालच्याचं रद्द करणं. रिट्रॅक्ट म्हणजे बोललेलं गिळणं. रिसाइंड लई भारी, करार असा पुसायचा की जणू झालाच न्हवता. रिपील फक्त कायद्याला लागतं, त्याची संधी मला अजून न्हाई मिळाली,’ असे ते मला पहिल्याच भेटीत सांगत होते आणि मी मुलीचा बाप म्हणून मान हलवत होतो. साखरपुड्याला जिलेबी ठरली होती, आली बुंदी. मी भीतभीत विचारले, तर म्हणाले, ‘व्याही, जिलेबी कॅन्सल केली न्हाई. अमेंड केली.’ एकदा मेहुण्याचे तोंड पुन्हा पाहणार नाही म्हणून त्यांनी चारचौघांत जाहीर केले आणि महिन्याभरातच त्याच्या नातवाच्या जावळाला हजर झाले. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, ‘मी माझं विधान रिट्रॅक्ट करतोय.’ मेहुणे म्हणाले, ‘आधी पाय धुवा, दाजी, मग काय करायचं ते करा.’ मी स्वतः दिवसभरात बोललेल्या निम्म्या वाक्यांबद्दल मनातल्या मनात क्षमा मागत झोपणारा माणूस. इतक्या थाटात शब्द परत घेणाऱ्याचा मला हेवा वाटे.

त्यांचा खरा थाट दिसायचा तो निवडणुकीत. चौसाळ्याच्या अलीकडे त्यांचे गाव आहे. तिथल्या शेतकऱ्यांच्या सोसायटीपासून ग्रामपंचायतीपर्यंत प्रत्येक निवडणुकीत ते अर्ज भरत आणि शेवटच्या दिवशी मागे घेत. त्याआधी पुढारी घरी येत, ओसरीवर खुर्च्या मांडल्या जात, ‘काका, गावासाठी एवढं करा’ अशी विनवणी होई, चहा होई, आणि काका एक नवे क्रियापद उच्चारून उठत. एकदा वापरलेले क्रियापद पुन्हा वापरत नसत.

गेल्या सोसायटीच्या वेळी मात्र कोणीच आले नाही. काका मागे घेणारच आहेत, मग त्यांना चहाचा त्रास कशाला, असा गावाने समंजस विचार केला. शेवटच्या दिवशी सकाळी विहीणबाईंचा फोन आला. ‘दादा, तुमी या. हे इस्त्रीचं घालून बसलेत. जेवले न्हाईत.’ मी बीडहून गाडी घेऊन पोचलो. ओसरीवर सहा रिकाम्या खुर्च्या आणि सातवीवर व्याही. अडचण मला समजत होती. बाकी सगळे बिनविरोध ठरले होते. तीनपर्यंत अर्ज मागे न घेतला तर त्यांच्या एकट्यासाठी मतदान होणार आणि त्यांना किती मते पडतात ते गावाला कळणार. कोणी न विनवताच मागे घेतला, तर इतक्या वर्षांचा मान जाणार.

मी हात जोडले. म्हणालो, ‘व्याही, माझी विनंती आहे.’

त्यांनी विचार केला. ‘तुमी आमच्या सोसायटीचे सभासद न्हाईत. तुमची विनंती ग्राह्य धरता येत न्हाई.’

‘गावातून कोणाला तरी बोलावू का?’

‘बोलावून आलेल्याला काय अर्थ हाय?’

एक वाजून गेला. विहीणबाई आत होत्या त्या मागच्या दाराने बाहेर पडल्या. थोड्या वेळाने पुढच्या फाटकाची कडी वाजली. जरीकाठाचे लुगडे, डोक्यावर पदर, पायांत चपला. फाटकातून त्या पाहुण्यासारख्या चालत आल्या आणि पहिल्या खुर्चीवर बसल्या.

‘चार एकर माझ्या नावावर हायेत. मी सभासद हाय,’ त्या माझ्याकडे पाहत म्हणाल्या. ‘ह्यांना सांगा, माझी विनंती हाय. अर्ज मागं घ्या.’

व्याह्यांनी सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या. मग उठले. मला वाटले निघाले, म्हणून मी गाडीची किल्ली काढली. ते स्वयंपाकघराकडे वळले.

‘व्याही, वेळ होतोय.’

‘विनंतीला आलेल्याला चहा न देता जाऊ व्हय?’

आत डबे उघडल्याचे आणि काहीतरी सांडल्याचे आवाज येत राहिले. ‘साखर कुठं हाय?’ आतून विचारणा झाली. विहीणबाईंनी पदर सावरला आणि उत्तर दिले नाही. पाहुण्याला काय ठाऊक. चहा आला तो खिरीसारखा गोड होता. विहीणबाईंनी तो फुंकून फुंकून, घाई न करता संपवला.

आम्ही तीनला थोडी मिनिटे राहिली असताना कचेरीत पोचलो. वाटेत मी त्यांना विचारले, आज कोणते क्रियापद. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘सुचत न्हाई बघा.’ त्यांनी मुकाट्याने सही केली.

यंदा ग्रामपंचायत लागली. व्याह्यांनी अर्जच भरला नाही. गावाला हायसे वाटले, मलाही वाटले. पण विहीणबाई थोड्या हिरमुसल्या आहेत, असे माझी लेक सांगत होती. जरीकाठाचे लुगडे त्यांनी आधीच उन्हाला घालून ठेवले होते.