आमच्या पायरीला करंजीचे दात

मागच्या दिवाळीला तुम्ही तिकडच्या नातवंडांनी 'आजी, काही पाठवू का?' असं विचारलंत, आणि फोन ठेवताच विसरलात... असो. मी विसरले नाही. मी सांगतेय, नात टाइप करतेय, आणि मधेच हसतेय.

तर आमच्या दाराची पायरी. जुना दगड झिजून गुळगुळीत झालेला, त्यावरून मी घसरले. तेव्हापासून घरात लेकाचा हुकूम... नवी पायरी होईस्तोवर आजीने घाटावर जायचं नाही. गंगा हाकेच्या अंतरावर, आणि मी बादलीत अंघोळ करतेय.

ठेकेदार मिळाला पप्पू. हात चांगला, पण तोंडात सदा पान. काहीही विचारा, मान वर करून "हूँ". मी म्हटलं, भैया, जरा खुरदुरी रखना. खरखरीत असली की पाय घसरत नाही. "हूँ."

गेल्या आठवड्यात काँक्रीट ओतलं आणि घासून घासून असं चकचकीत केलं... पान संपलं होतं, म्हणून बोलला. "देखिए अम्मा, शीशा. मुँह देख लीजिए."

"मुँह देखने को आईना है, बेटा. हमें पैर रखना है."

तो हसला आणि नवं पान घ्यायला नुक्कडवर गेला.

ही पायरी अशीच सुकली, तर माझी गंगा कायमची बादलीतच... उठले, स्वयंपाकघरातून कातण आणलं. करंजीची कड कापायचं ते दातेरी चाक हो. उंबऱ्यावर बसले आणि ओल्या सिमेंटवर दाबून रेघा ओढल्या, आडव्या-तिडव्या, शंकरपाळे पाडावेत तशा.

पप्पू आला. ओरडायचं तर तोंड भरलेलं, आणि ताजं पान थुंकवेना. नुसता हात नाचवत "हूँ, हूँ, हूँ". मी म्हटलं, "हाँ बेटा, हमें भी अच्छा लगा." शेवटी नालीपाशी जाऊन थुंकून आला, तोवर राग अर्धा झाला होता आणि लेक माझ्या बाजूला उभा होता.

पायरी पक्की झाल्यावर काल अहिल्याबाई घाटावर जाऊन आले. ओल्या पायांनी परतले... पाय जागचा हलला नाही.

आज सकाळी पप्पू दारात, तोंड रिकामं. मुन्शी घाटाकडच्या कुणा माताजींना अगदी अशीच पायरी हवीय. "अम्मा, ऊ चक्का मिल जाता..." दिलं त्याला ते कातण.

आता आमचं कातण ठेकेदारीला लागलंय. तेव्हा या दिवाळीला करंज्या तुम्हीच पाठवा. ओल्या नारळाच्या नकोत, वाटेत आंबतील. खव्याच्याही नकोत, तसली गुझिया इथे गल्लोगल्ली मिळते. सुक्या खोबऱ्याच्या, खसखस घालून... आणि कड नीट दातेरी हवी. मी बोट फिरवून बघणार आहे.