महादेवाचं ठेंगणं दार

महादेवाला तीन डोळे आहेत, यावरचा माझा विश्वास त्या सोमवारी पार उडाला होता. त्यातला एक जरी उघडा असता, तर आमच्या गावात काय चाललंय ते त्याला दिसलं नसतं का?

माझं माहेर आष्टीकडचं. गावाबाहेर काळ्या दगडाचं हेमाडपंती देऊळ आहे, यादवांच्या काळातलं म्हणतात. चुना न वापरता दगडात दगड अडकवून उभं केलेलं. गाभाऱ्याचं दार मुद्दाम ठेंगणं. चौकटीवर दोन्ही बाजूंनी वेल कोरत नेलेली आणि माथ्यावर गणपती, पिढ्यान्‌पिढ्यांचे हात लागून गुळगुळीत झालेला. आमच्याकडे नवी नवरी असो की बाळंतीण, त्या उंबऱ्यावर डोकं टेकवल्याशिवाय दुसरीकडे कुठे जात नाही. लेकीला छातीशी धरून मीही तशीच वाकून आत गेले होते.

असल्या देवळाचं गावच्या देऊळ समितीने काय केलं? खांबांना गुलाबी ऑइलपेंट फासला, सभामंडपात न्हाणीघरासारख्या टाइल्स बसवल्या. आणि वर म्हणे जीर्णोद्धार! तेही मी दातओठ खात सोसलं. मग गाव सोडून पुलगावला दुकान थाटलेल्या एका व्यापाऱ्याने आईच्या स्मरणार्थ संगमरवरी शंकर-पार्वती आणले. मूर्ती वाजतगाजत आली आणि दारातून आत जाईना. माप घ्यायचं कोणालाच सुचलं नव्हतं! अक्कल यांची गहाण पडलेली आणि शिक्षा दाराला. मशीन लावून चौकट फोडायचं ठरलं.

कळताच सासरहून, सिंदी मेघेहून निघाले ती थेट त्या उंबऱ्यावर जाऊन बसले. समितीचे अध्यक्ष नात्याने माझे चुलतभाऊ. ते म्हणाले, “ताई, उठ ना आता. मशीनवाला कवाचा उभा आहे. लोकाइले वाकून जा लागते, तरास होते. देव कसा, रस्त्यावरून दिसला पाह्यजे!” “मग आधी माझं डोकं फोडा,” मी ओरडले. खूप बोलले, भांडले. कोणी ऐकेना, बायका पदराआड हसत होत्या. मशीनची वायर जोडली गेली तेव्हा मला रडूच फुटलं. पाठीमागच्या पिंडीला मनातल्या मनात म्हटलं, घर तुझं आहे, आता तूच बघ. माझ्याच्याने होत नाही.

तेवढ्यात हातात बेलाची डहाळी घेतलेली एक म्हातारी पायऱ्या चढून आली. आमच्या गावची नव्हती. माझ्यापुढे उभी राहून म्हणाली, “सरक वं बाई, मले देवाले जाऊ दे.” मी चमकून सरकले. ती वाकून आत गेली, बेल वाहिला, वाकूनच बाहेर आली. मग मशीनकडे बघून तिने विचारलं, हे काय चाललंय? मूर्तीपाशी उभा असलेला व्यापारी हात जोडून म्हणाला, “मायच्या नावानं मूर्ती बसवून राह्यलो आजी, म्हणून दार मोठं करतो.”

“तुयी माय याच दारातून जात होती ना?”

“हो. मले कडेवर घेऊन.”

“मंग बापू, तिच्याच नावानं हे काऊन फोडतं?”

एवढं बोलून ती पायऱ्या उतरून गेली. तो भला दांडगा व्यापारी उंबऱ्यापाशी आला, त्यावर डोकं टेकवलं आणि वाकून आत गेला. बराच वेळ आतून त्याच्या रडण्याचा आवाज येत होता. बाहेर आल्यावर त्याने मशीनची वायर स्वतःच्या हाताने काढली.

शंकर-पार्वती आता बाहेर कडुलिंबाखाली आहेत, छान दिसतात. ती म्हातारी कोण, कुठली, कोणालाच सांगता आलं नाही. मीही फार खोदून विचारलं नाही. गुलाबी खांब पाहिले की माझं डोकं आजही फिरतं, ते खोटं कशाला सांगू? पण महादेवा, तुझे उपकार मी विसरणार नाही. तुझं दार वाचवायला म्हणून मी बसले होते, आणि बसले होते तोवर तुझ्याकडे यायची वाट मीच अडवली होती. आता आले की आधी बाजूला सरकते, मागच्याला जाऊ देते, आणि मग वाकते.