गार हात

रविवार, सकाळी सात. आरेतल्या गोठ्यात हजर: दूध न्यायला किटली घेऊन आलेली मी, लवकरच पहिल्यांदा विणारी कालवड आणि तिला माणसाळवणारे काका.

काका रोज आधी तळवे घासून ऊन करतात, मगच तिच्या कासेला हात लावतात. आज विसरले आणि लाथ खाल्ली. "माझंच चुकलं गं, हात गार होता," असं तिला म्हणून गुडघा चोळत पुन्हा बसले.

मग माझ्याकडे वळले. "ताई, आता तुम्ही. ही विईल तेव्हा मी गावी असणार. परक्याला दूध काढू दिलं नाही, तर मालक विकून टाकेल हिला."

"मारेल ना हो ती!"

"तीपण तुमच्याबद्दल तेच म्हणतेय."

मी तळवे घासले, तिच्या पाठीवरून हात फिरवला. कासेपर्यंत न्यायचा अजून राहिलाय.