नीट मेला पाहिजे

माझी सून दिवसभर मारते. पगार त्याचाच मिळतो.

तिने घरून नोकरी सुरू केली, त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या वहिनी पांढऱ्याफटक पडून आल्या. "भाऊजी, सूनबाई फोनवर म्हणत होत्या, 'मेला, पण नीट मेला नाही. परत मारते.'" मी म्हटलं, प्रोग्रॅमबद्दल बोलतेय. त्यांना पटलं नाही.

काम असं. चालू प्रोग्रॅमला कॉम्प्युटर थांबायचा सिग्नल देतो. प्रोग्रॅमने हातातली नोंद पुरी करायची, फाईल बंद करायची, मगच मरायचं. सूनबाईने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम पन्नास वेळा मारून पाहिला होता. त्या दिवशी चार वाजता साहेब ऑफिसातून तो तपासणार होते. पास झाला तर नोकरी कायम, नाहीतर महिनाअखेरीस नारळ.

मी कारखान्यात छत्तीस वर्षं लेथ चालवली. बसून होणाऱ्या कामावर माझा विश्वास नाही, म्हणून जेवणानंतर तिच्या शेजारी खुर्ची टाकली. तिने सिग्नलचं बटण दाबलं आणि हाताची घडी घालून वाट पाहिली.

"एवढंच?"

"एवढंच, बाबा. सिग्नल एकदा पोचला की झालं."

"आमचा फोरमन 'मशीन थांबव' असं एकदाच ओरडून कधी थांबला नाही. टूल मागे घेत असतानाच पुन्हा ओरडायचा. नवा माणूस गडबडला की जॉब वाया. तुझे साहेब कसे आहेत?"

तिने हाताची घडी सोडली. मग म्हणाली, "लिफ्टचं बटण सात वेळा दाबतात."

"मग सात वेळा दाब."

दाबलं. प्रोग्रॅमने आवरायला घेतलं. दुसऱ्या सिग्नलला पुन्हा पहिल्यापासून, तिसऱ्याला पुन्हा. शेवटी कोलमडला. फाईल अर्धवट.

"बाबा, आधी का नाही बसलात?"

"बोलावलंस कधी?"

हाताशी दोन तास होते. आवरणं सुरू असताना आलेला सिग्नल नुसता ऐकून सोडून द्यायचा, एवढं तिने प्रोग्रॅमला शिकवलं. मग सात-सात वेळा दाबून शंभरदा मारला. ब्याऐंशीला ती थांबू पाहत होती. थांबू दिलं नाही.

स्वयंपाकघरातून हिने चहासाठी तीन हाका मारल्या.

"पहिलीच ऐकली, आई!"

"मग उठत का नाहीस?"

"आवरतेय!"

चार वाजता साहेबांनी नऊ वेळा दाबलं. प्रोग्रॅमने नोंद पुरी केली, फाईल बंद केली आणि मेला. साहेबांनी फोनवर तिथल्या तिथे तिला कायम केलं. सूनबाई आनंदाने किंचाळली.

वहिनी धावत दाराशी. "काय झालं हो?"

"मेला," मी म्हटलं. "नीट मेला. सून कायम झाली."

वहिनी दोन पावलं मागे सरकल्या.